लॅपटॉपला ऊन

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी माझ्या वडिलांनी आर्णीच्या घराच्या गच्चीवर लॅपटॉप उन्हात ठेवला. गच्चीवर शेजारच्या काकूंच्या कुरड्या वाळत होत्या. त्यांच्या कडेला पंचा अंथरून बाबांनी लॅपटॉप त्यावर उपडा घातला. मी यवतमाळहून एसटीने पोहोचले तेव्हा तो तिथे तासभर तरी होता, अशी माहिती काकूंनी दिली.

"मी तं इचारलं भाऊले," काकू म्हणाल्या, "हे पन वाळून राह्यलं का? पलटवाचं असन तं सांगजा, माह्या कुरड्यासंगं पलटवून देइन."

बाबा खाली दाढी करत होते. त्यांना या कामात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. "सेल उतरला की उन्हात ठेवतात," ते म्हणाले. "रेडिओचे सेल आपण असेच चालवले."

लॅपटॉप हातात धरवत नव्हता. मी तो ओढणीत गुंडाळून खाली आणला. टेबलावर ठेवला तर तो डुगडुगू लागला. तळ फुगला होता आणि बोट फिरवायची पट्टी एका बाजूने वर आली होती.

हा लॅपटॉप माझ्या धाकट्या भावाचा. तो पुण्याला एका कंपनीत आहे. कंपनीने त्याला नवा दिला, तेव्हा दिवाळीत येताना त्याने हा जुना बाबांसाठी आणला. आई गेल्यानंतरची ती पहिली दिवाळी होती. बॅटरी तेव्हाच थकलेली होती. पुढे ती नावापुरती उरली. वायर लावली तरच लॅपटॉप चालायचा आणि लाइन गेली की लॅपटॉपही जायचा. आर्णीत उन्हाळ्यात लाइन जाते. दर रविवारी सकाळी बाबांच्या मोबाइलच्या नेटवर भावाचा व्हिडिओ कॉल असतो. तो मधेच तुटायचा आणि बाबा काळ्या पडद्यासमोर बसून राहायचे. दोष ते लाइनला द्यायचे, आर्णीला द्यायचे, कधी तहसीलला द्यायचे. तहसील कार्यालयात त्यांनी स्वतः सगळी नोकरी केली होती. लॅपटॉपला त्यांनी कधी दोष दिला नाही.

बॅटरी बदलावी लागेल, हे मी त्यांना महिनोन्महिने सांगत होते. त्यावर उत्तर एकच यायचं, "त्याले विचारतो."

लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर आधी भावाचं नाव यायचं. ते उमटलं की बाबा म्हणायचे, "आला." रविवारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. मी एक रविवार आड एसटीने येते, डबा आणते, औषधं आणते. माझ्यासमोर ते बनियनवर असतात. मी फोन केला तर जेवलीस का, बरं, ठेवतो, एवढं बोलणं होतं. भावाशी कॉल तुटेपर्यंत चालतं. त्यांच्या गेल्या वाढदिवसाला मी एक टॅब आणला होता. त्याला बॅटरीची अडचण नव्हती आणि लाइनीचीही नव्हती. तो कपाटात खोक्यातच आहे. वरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. आल्यागेल्याला बाबा खोकं काढून दाखवतात आणि सांगतात, "पोरीनं आणला. महागाचा आहे." मग परत ठेवून देतात.

मला भावाचा हेवा वाटत होता. तो चांगला वागतो, त्यामुळे हेवा कमी होत नव्हता.

त्या रविवारी मी वायर काढून घेतली आणि म्हटलं, "बाबा, हा आता लावायचा नाही. बॅटरी फुगली आहे. मी यवतमाळला नेते."

"त्याले फोन लाव."

मी स्पीकरवर लावला. भावाने सगळं ऐकलं आणि तो ओरडलाच. "उन्हात? बाबा! चार्जिंगला अजिबात लावू नका. ताईला नेऊ द्या. बॅटरी बदलावीच लागेल."

"मंग ने व माय," बाबा लगेच मला म्हणाले. "तो म्हणते तं ने."

सोमवारी शिफ्टच्या आधी मी लॅपटॉप बसस्थानकाजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार तरुण होता. एका हाताने स्क्रू काढत तो कानाशी फोन धरून आईशी बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलत होता. तळाचं झाकण निघालं आणि त्याने फोन ठेवला.

"ताई, ही बॅटरी आहे का पुरी?"

"उन्हात ठेवली होती."

"कायले?"

"रेडिओचे सेल ठेवायचे तशी. बाजूला कुरड्या होत्या."

तो मोठ्याने हसला. "फुटली असती तं कुरड्या तळूनच भेटल्या असत्या." मग त्याने ती बॅटरी जपून बाहेर काढली आणि वाळूच्या डब्यात ठेवली.

नवी बॅटरी नागपूरहून मागवावी लागणार होती. तो लॅपटॉप उलटसुलट करून पाहत होता. "जुनी मशीन आहे, ताई. तुम्ही म्हणत असान तं घरी सांगून देतो, बॅटरी कंपनीतून बंद झाली, भेटत नाही. म्हातारे लोक जुनं सोडत नाहीत ना. पोरंच मले असं सांगायले लावतात."

बॅटरी मिळाली नाही, तर कपाटातलं खोकं उघडावं लागणार होतं. भावाचा कॉल टॅबवर आला असता. तो सुरू करताना भावाचं नाव आलं नसतं.

"उद्या सांगते," मी म्हटलं.

संध्याकाळी दैनिकाच्या ऑफिसात उद्याच्या अंकाची पानं लावताना बाबांचा फोन आला. ते स्वतःहून मला क्वचितच फोन करतात. मी घाबरून बाहेर जिन्यात आले.

"कुठवर आलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"लॅपटॉपचं."

"नागपूरहून यावी लागेल."

"किती दिवस?"

"बघते."

"जेवली का?"

"नाही अजून."

"काहून? किती वाजले? अशानं तब्येत जाते. डब्यात काय आहे?"

डब्यात वांग्याची भाजी होती. तिखट जास्त झालं का, असं त्यांनी विचारलं. आईच्या हातच्या वांग्याला कसा झणका असायचा, हेही सांगितलं. लाइन गेली आहे, पंखा बंद आहे, अंगणात बसून राह्यलो, असं म्हणाले. फोन ठेवायची घाई त्यांना नव्हती. आतून कुणीतरी मला दोनदा हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात जाऊन बॅटरी मागवायला सांगितली. दुकानदाराने लॅपटॉपवर टिचकी मारली. "सुरू केला तेव्हा नाव येते ते कोणाचं? बाबांचं?"

"भावाचं."

"बदलून देऊ? एका मिनिटाचं काम आहे."

"राहू द्या," मी म्हटलं.

बॅटरी यायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. त्या काळात बाबांचा फोन रोज आला. सुरुवात लॅपटॉपने व्हायची. मग जेवण, मग माझी शिफ्ट, मग शेजारचे काका, मग आर्णीच्या बाजारात आलेले आंबे. एका संध्याकाळी लॅपटॉपचा विषय निघालाच नाही. मी वाट पाहत होते, तो निघाला नाही. दुकानात चौकशीला मी एकदाही फोन केला नाही. गुरुवारी दुकानदाराचाच आला, "ताई, झालं काम. घेऊन जा."

मी लगेच बाबांना कळवलं.

"झाला?" ते म्हणाले. "त्याले सांगतो." फोन ठेवला गेला.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. शुक्रवारी आला नाही, शनिवारीही नाही. शनिवारी मीच केला.

"आणून राह्यली ना उद्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं. जेवली का? ठेवतो."

रविवारी मी पहिल्या एसटीने आर्णीला गेले. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले होते. मी टेबलावर लॅपटॉप ठेवला. तो सपाट बसला. वायर लावायची गरज नाही, हे मी त्यांना सांगितलं, तरी त्यांनी ती लावली.

कॉल लागला. भाऊ दिसला, त्याची बायको दिसली, पाठीमागे त्यांची मुलगी नाचत गेली. मी कॅमेऱ्यात येत नव्हते. बाबांच्या बाजूला बसून मी टोमॅटो चिरत होते. थोड्या वेळाने पंखा मंदावला आणि थांबला.

बाबांनी सवयीने मान खाली घातली. मग वर पाहिलं.

"अरे!" ते म्हणाले. "लाइन गेली. तू दिसूनच राह्यला!"

"ताईनं बॅटरी बदलून आणली ना, बाबा," भाऊ म्हणाला. "ताई कुठे आहे?"

"आहे ना इथंच. तू सांगितलं म्हणून झालं रे. मी कवापासून म्हणून राह्यलो, त्याले विचारू."

भाऊ काहीतरी बोलणार होता. बाबा खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ सरकले आणि नातीला हाक मारू लागले.

मी भाजी टाकली, पोळ्या केल्या, झाकून ठेवल्या. लाइन आली नाही. जेवून घ्या, असं मी दोनदा म्हटलं. बाबांनी हात हलवला.

मी दुपारच्या एसटीने यवतमाळला निघाले तेव्हा बाबा दारापर्यंत आले नाहीत. कॉल सुरू होता.