देवाचा उजवा की आपला?

गोंधळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण माझ्या मावसभावाइतका निगुतीनं, मन लावून गोंधळणारा माणूस अख्ख्या घाटकोपरात झाला नसेल आणि व्हायचाही नाही. वडापावच्या गाडीवर "तिखट की गोड?" असं विचारलं की हा बाजूला होऊन विचारात पडतो, मागच्यांना "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" म्हणत पुढे सोडतो, आणि ह्याचं ठरेपर्यंत वडे संपतात. "हायवेने घेऊ की आतून?" असं एका रिक्षावाल्याने विचारलं, तेव्हा ह्याने "तुम्हाला काय वाटतं?" म्हणून जी चर्चा सुरू केली, त्यात मीटर पडत राहिलं आणि रिक्षा स्टँडवरच उभी. त्याची आई, म्हणजे माझी मावशी, ह्याच्या बरोब्बर उलट. काका तिला बघायला आले तेव्हा चहाचा कप त्यांच्या हातात देतादेताच तिने "मला चालेल" म्हणून टाकलं होतं. काका गेल्यावर घरात उरली ही दोघंच, एक कधीच न गोंधळणारी आणि एक कायम गोंधळलेला.

एका चिखलात मात्र तो ठाम असायचा. गोराईच्या खाडीतल्या चिखलात तेलाचा तवंग खाणारे जिवाणू असतात म्हणे, त्यांचा ह्याचा अभ्यास. गुडघाभर रुतून उभा राहिला की "इथला नको, तिथला घे" असं मला बेधडक सांगायचा. मग त्या चिखलाच्या बाटल्या घरी फ्रिजमध्ये, सोलकढीच्या शेजारी. एकदा पाहुण्यांसाठी बाटली काढताना मावशीचा हात चुकला आणि ऐन वेळी वासाने सगळे वाचले. तेव्हापासून चिखलाच्या बाटलीवर मावशीच्या ठसठशीत अक्षरात 'खायचं नाही' अशी चिठ्ठी आली.

ह्या चिखलावर त्याला नॉर्वेची संशोधन शिष्यवृत्ती मिळाली. मेल वाचून त्याचा पहिला समज, दुसऱ्या कुणाची चुकून आली. त्याने उलट विचारलं, "नक्की मीच ना?" तिकडून "होय, तुम्हीच" असं उत्तर आलं तर मला फोन. "ताई, हे खरंच होय आहे की नुसती सभ्यता?"

"अरे येड्या, निघायची तयारी कर!"

"पण आई एकटी राहील ना गं. तीन वर्षं."

इथे मात्र मला त्याची चेष्टा करवेना. मग त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, दाताच्या डॉक्टरांना तर तोंड उघडं असताना विचारलं. जितकी तोंडं तितकी मतं. होकार कळवायची मुदत संपत आली तेव्हा मावशीच म्हणाली, "चल, गावच्या देवाक कौल लावूया." आमच्या गावी देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

गावी जायला सवड नव्हती, म्हणून गुरवकाकांना व्हिडिओ कॉल लावला. घाटकोपरच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं हात जोडून उभे, आणि डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून गाऱ्हाणं सुरू झालं. "बा देवा म्हाराजा, ह्यो झील परदेशात शिकूक जाऊक बघता. जावचो असात तर उजवो दी, रवचो असात तर डावो दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही.

पाकळी पडली आणि त्याच क्षणी नेटवर्क गेलं. पडद्यावर थिजलेला देव, एका अंगाला पाकळी आणि दुसरं अंग रिकामं. संशोधक महाशय कामाला लागले. "हा देवाचा उजवा की आपला? आणि कॅमेरा पुढचा असेल तर चित्र उलटं, पण उलटं त्यांना दिसतं की आपल्याला?" त्याने मला देव करून ओट्यापाशी उभं केलं, माझ्या दोन्ही खांद्यांवर कढीपत्ता ठेवला, आणि मोबाइल फिरवूनफिरवून दर खेपेला नवीन उत्तर काढलं. शेवटी माझं स्वतःचं उजवं-डावंही मला कळेनासं झालं. तेवढ्यात मावशी तिचा फोन घेऊन बाल्कनीत गेली, गुरवकाकांशी बोलली आणि आत येऊन म्हणाली, "उजवो पडलो. बॅग भर."

तो गेला. विमानतळावर खिडकीची सीट घेऊ की कडेची, हे विचारत विचारतच गेला.

गणपतीत मी गावी गेले तेव्हा गुरवकाकांनी मला देवळातच गाठलं. "झील गेलो? देवान तर डावो दिल्यान होतो!"

परत आल्याआल्या मी मावशीला विचारलं. ती वाटण वाटत होती, मान वर न करता म्हणाली, "देवाक माझा मन कळता. ह्येका कळला असता तर गेलो नसतो." मला भडभडून आलं. मी तिला जवळ घ्यायला गेले तर म्हणाली, "बाजूला हो, हात तिखटाचे आहेत."

जाताना त्याची एक बाटली फ्रिजमध्ये राहून गेली होती. त्या दिवशी मी निघाले तेव्हा मावशी फ्रिज उघडून उभी होती. चिठ्ठीची कडा सुटली होती, ती बोटाने दाबत होती. हो म्हणायला चहा संपायचीही वाट न बघणारी माझी मावशी माझ्याकडे वळली.

"काय गं, हे टाकू की ठेवू?"

तिने बाटली पुन्हा सोलकढीच्या शेजारी ठेवली आणि दार लावलं. थोड्या वेळाने परत उघडलं.