मुदत संपलेला शिक्का

आमच्या मेहकरच्या गल्लीत घरांचे नकाशे काढून देणारा एक इंजिनेर राहतो. शिक्का आधी रद्दी कागदावर उमटवून पाहतो, मग नकाशावर सरळ दाबतो आणि वर फुंकर घालतो. परवान्याची मुदत संपली की जुन्या शिक्क्याचं रबर ब्लेडनं खरवडून टाकतो. मुदतीची तारीख शिक्क्यातच असते, हे मला माहीत नव्हतं.

माझ्या वरच्या खोलीच्या नकाशावर त्याची सही झाली होती, शिक्का राहिला होता. "काकू, मुदत कालच सरली. नवा परवाना येऊ द्या," तो म्हणाला. माझा गवंडी दुसऱ्या कामावर निघाला होता. इंजिनेर पाणी आणायला आत गेला तेव्हा टेबलावरचा शिक्का मी उचलला आणि मारला.

नकाशा मी नगरपालिकेत दिला, तर तिथल्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "हा शिक्का कोणी मारला?"

त्यानं तो तिरपा शिक्का पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "माह्याच हातून झालं, साहेब. ध्यानात राह्यलं नाही."

"इतकी वर्षं काम करून राह्यले, तारीख वाचता येत नाही काय?"

कचेरीतले सगळे हसले. चौकशी होईपर्यंत त्याचा नवा परवाना अडवला. मी पिशवी धरून उभी राहिले.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काकू, मले मागितला असता तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच मागितला नाही," मी म्हणाले.

हे खरं मी रस्त्यावर बोलले, जिथं ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.