विशेषण नको, क्रियापद सांग

कॅनडातल्या झाडून सगळ्या खुर्च्यांशी माझ्या मैत्रिणीच्या मामांचं वैर आहे. खुर्ची लाकडी असो, गादीची असो, नाहीतर शाळेतली गुडघ्याएवढी निळी प्लास्टिकची असो, मामा तिच्या पाठीवर हात ठेवतील, तिचा स्क्रू ढिला आहे का बघतील, तिच्यावर आपला कोट टाकतील, पण बसणार नाहीत. पायाला भिंगरी असणारी माणसं मी पाहिली आहेत. मामांची भिंगरी पायापाशी थांबलेली नाही, ती हातांना आहे, डोळ्यांना आहे आणि जिभेला तर आहेच. ते उभ्याने जेवतात, फोनवर बोलताना बेसमेंटचा जिना चढतात-उतरतात, आणि क्रिकेटची मॅच लागली की इतकं आत-बाहेर करतात की मामी म्हणतात, "ह्यांनी आजवर एकही विकेट पडताना पाहिलेली नाही. पडली की येतात आणि विचारतात, आधी काय झालं?"

आणि अशा ह्या माणसाचा व्यवसाय काय, तर मुलं वर्गात एका जागी किती वेळ बसतात ते बघणं! किचनर शहरातल्या आणि आसपासच्या शाळांत एखादं मूल अभ्यासात मागे पडत असेल, मारत असेल, गप्प असेल, सारखं उठत असेल, तर त्याला नेमकी कशाची गरज आहे ते पाहायला मामांना पाठवतात. वाचायला मदत हवी, कान तपासायला हवेत, की फक्त खिडकीपासून लांबची जागा हवी, हे ते शोधून काढतात. मामींचं यावर एकच मत: "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." मामा चिडत नाहीत. "बरोबर आहे," म्हणतात, "कुलूप चोरालाच कळतं."

त्यांच्या गाडीची डिकी म्हणजे एक फिरती शाळाच आहे. चित्रांची कार्डं, लाकडी ठोकळे, स्टॉपवॉच, आणि त्यातच ग्रोसरीच्या पिशव्या. एकदा एका शाळेत त्यांनी मुलासमोर ठोकळे ओतले, तर त्यातून मेथीची जुडी निघाली. मूल आठवडाभर कुणाशी बोललं नव्हतं. ते म्हणालं, "दॅट्स नॉट अ ब्लॉक." मामांनी ते वाक्य अजून जपून ठेवलंय. पाहुणे आले की सांगतात, आणि सांगता सांगता पाहुण्यांच्या हातातले अर्धे प्यायलेले कप उचलून विसळून ठेवतात.

माझी त्यांची ओळख झाली ती हीटिंगमुळे. मी कॉलेजसाठी इथे आले तेव्हा मैत्रीण आणि मी एका बेसमेंटमध्ये राहायचो. पहिल्याच थंडीत, कुणी न बोलावता, मामा हीटर बघायला आले, हीटर तसाच ठेवून दाराची बिजागरी दुरुस्त करून गेले, आणि जाताना मला विचारलं, "तू बोलत का नाहीस?" मी म्हटलं, "शाय आहे." "शाय हे विशेषण झालं. विशेषण नको, क्रियापद सांग. तू काय करतेस?" मी इंग्लिश मीडियमची. आमच्या शाळेत बोलायचं असेल तर हात वर करावा लागे, आणि मी दहावीपर्यंत हात वर केलेला मला आठवत नाही. बसायला मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी तासन् तास हलत नाही. आत काय चाललेलं असतं ते निराळं.

पुढे मी एका प्राथमिक शाळेत सहाय्यक म्हणून लागले. ज्या मुलांना जास्तीची मदत लागते त्यांच्या शेजारी बसायचं, हे माझं काम. तिथे दुसरीच्या वर्गात एक मुलगी आली. तिचं खरं नाव सांगणं आमच्या नियमात बसत नाही, तेव्हा तिला मुक्ता म्हणू. आईवडील नाशिकचे, वडील सॉफ्टवेअरमध्ये, येऊन वर्ष झालेलं. वर्गशिक्षिकेची तक्रार होती की मुक्ता सारखी उठते, वॉशरूमला पळते, आणि चक्क खोटं बोलते. दोन महिन्यांत तिच्याबद्दल इतकी विशेषणं जमली की मामांना बोलावणं गेलं.

मामा आले आणि कॉरिडॉरमध्ये फेऱ्या घालू लागले. दाराच्या काचेतून आत बघायचे, पुढे जायचे, परत यायचे. मुलांना ते नवे सफाईवाले वाटले. एकाने त्यांना सांडलेलं दूध दाखवलं, आणि मामांनी ते पुसलंही. मधल्या सुट्टीत मला गाठलं. "खोटं बोलते म्हणजे काय करते? शब्दाला शब्द सांग."

मी सांगितलं. बाई विचारतात, "यू डिडन्ट फिनिश?" आणि मुक्ता म्हणते, "येस." वही बघावी तर कोरी.

मामा कॉरिडॉरच्या मधोमध थांबले. त्यांना थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "आणि तुला 'झालं नाही ना?' असं विचारलं तर तू काय म्हणशील?"

"हो," मी म्हटलं. म्हणजे, हो, नाही झालं. मग आम्ही दोघंही हसलो. आपलं 'हो' समोरच्याच्या बोलण्याला असतं. इथलं 'येस' कामाला असतं. पोर खरं सांगत होती आणि खोटारडी ठरत होती. मामांनी हे बाईंना समजावलं. बाई मनाने चांगल्या. त्यांचे कान लाल झाले, आणि त्यांनी प्रिन्सिपलनाही सांगितलं. बातमी मुक्ताच्या बाबांपर्यंत पोचली. मराठी मंडळामुळे ते मामांना ओळखत होते, गणपतीला त्यांनी मामांना घरी आरतीलाही बोलावलं होतं. त्यांनी मामांना फोन करून आभार मानले आणि म्हणाले, "मामा, म्हणजे प्रॉब्लेम फक्त लँग्वेजचा होता. आता ते नॉर्मल लिहून टाका, फाइल क्लोज."

पण मामांच्या फेऱ्या काही बंद होईनात. मला म्हणाले, "ती उठते, ती कधी उठते? आधी काय होतं?" मी आठवडाभर नुसतं तेवढंच पाहिलं. मुलं गोल बसून आळीपाळीने वाचतात. मुक्ता हसत-खिदळत असते. तिच्या आधीच्या मुलाच्या हातात पुस्तक गेलं की ती उठते. पावसाळी बूट घालून, रेनकोट चढवून, वॉशरूमला. इतकी तयारी करून वॉशरूमला कोण जातं? परत येते तेव्हा पुस्तक पुढे गेलेलं असतं. हे 'येस'मध्ये बसत नव्हतं. मामा म्हणाले, "अर्धं भाषेचं होतं. उरलेलं अर्धं तिचं एकटीचं आहे, आणि ते ती एकटीच उचलतेय." वाचण्याची नीट तपासणी करायला हवी होती. त्यासाठी आईवडिलांची संमती लागते, आणि बाबा ती देणार नव्हते. संमती नसेल तर मदतही नाही. तिसरीत पुस्तकं जाड होतात, आणि मग वॉशरूम पुरत नाही.

म्हणून मीटिंग ठरली. प्रिन्सिपलच्या खोलीत गोल टेबल, वर्गशिक्षिका, मुक्ताचे आईबाबा, मी, आणि खिडकीपाशी उभे मामा. मीटिंगमध्ये हातांना काम हवं म्हणून ते मँडरिन संत्री सोलतात आणि फोडी सगळ्यांपुढे सरकवतात. बाबा सुंदर इंग्रजी बोलले. मुलगी हुशार आहे, घरी सगळं छान आहे, गोष्टीची पुस्तकं धडाधड वाचते, नवीन देश, नवीन भाषा, वेळ द्या. ऐकताना मलाही पटत होतं. मग मामांकडे वळून मराठीत म्हणाले, "मामा, तुम्ही आपले. एकदा पोरीला लेबल लागलं की निघत नाही, तुम्हाला काय सांगायचं."

"लेबल आत्ताही आहेच," मामा म्हणाले. "खोटारडी, पळपुटी. मी फक्त ते काढून बघू या म्हणतोय."

प्रिन्सिपलनी इतका वेळ न बोललेल्या आईकडे पाहिलं. "सो यू हॅव्हन्ट नोटिस्ड एनी ट्रबल विथ रीडिंग ॲट होम?"

आई म्हणाली, "येस."

बाबा हसले. "शी मीन्स नो. मामा, तुम्हीच शिकवलंत ना ह्यांना!" प्रिन्सिपलही हसल्या, नवं शिकलेलं इतक्या लवकर उपयोगी पडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. बाईंनी समजूतदारपणे मान हलवली. सगळ्या टेबलाला 'येस'चा अर्थ कळला होता. आई पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

मामांचा हात सोलता सोलता थांबला. मूल असो की मोठं, कुणाच्या तोंडात शब्द घालायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी त्या खोलीतली सगळ्यांत लहान, इथे कायम राहण्याचं माझं पीआरसुद्धा अजून व्हायचं होतं, आणि मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. माझाच आवाज मला ऐकू आला, "ताई, हो म्हणजे?"

आईने मान वर केली नाही. "हो म्हणजे हो."

"अगं, काय बोलतेस?" बाबा म्हणाले.

"मराठीसुद्धा येत नाही तिला वाचायला," आई माझ्याशीच बोलत होती. "पुस्तकं पाठ आहेत तिची. मी एकदा वाचून दाखवलं की पाठ. परवा मुद्दाम मी दोन पानं एकदम उलटली. तर ही मधल्या पानावरचंच म्हणत राहिली. चित्रात हत्ती, आणि ही वाचतेय माकडाचं. मी म्हटलं, अगं हे बघ ना. तर रडली. म्हणाली, बाबांना सांगू नको."

"हे इथे कशाला, घरी बोललो असतो ना आपण."

"घरी बोलले होते. तुम्ही म्हणालात, आमच्या घरात असं कुणी नाही."

प्रिन्सिपलना आणि बाईंना एकही शब्द समजत नव्हता, आणि तरी सगळं समजलं होतं. मी इंग्रजीत सांगायला लागले. हत्ती-माकडासकट सगळं सांगून संपवलं. आईने पेन मागितलं. एका पालकाची सही पुरते. बाबांनी हात पुढे केला नाही, पण तिला अडवलंही नाही. ते टेबलावरच्या संत्र्याच्या फोडीकडे बघत राहिले.

नंतर पार्किंगमध्ये मामा स्क्रेपरने गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होते. दोन काचा साफ झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गाडी प्रिन्सिपलची आहे. "असू दे," म्हणाले आणि तिसरी काच घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हलणाऱ्या मुलांच्या फायली होतात. न हलणाऱ्यांकडे बघायला कुणी येत नाही. तू शांत आहेस असं सगळ्यांना वाटतं ना?" मी खिशातली किल्ली घट्ट धरली. "मला नाही वाटत," ते म्हणाले. "आज बरं केलंस." मला थंडी वाजत होती, पण गाडीत जाऊन बसवतही नव्हतं.

तपासणीत निघालं ते असं, की डोकं तल्लख, स्मरणशक्ती भन्नाट, आणि अक्षर नि आवाज यांची गाठ मात्र काही केल्या बसत नाही. मुक्ता आपल्या वर्गमित्रांबरोबरच राहिली; रोज थोडा वेळ एका वेगळ्या बाईंकडे वाचायला जाते. रेनकोट खुंटीवर असतो. बाबा शाळेत येतात, बाईंशी बोलतात, माझ्याशीही बोलतात. मामांशी नाही. ह्या वर्षी आरतीचं बोलावणं आलं नाही. मामी म्हणाल्या, "जाऊ दे, तिथेही तुम्ही टाळ्या वाजवत घरभर फिरला असता." मामा हसले, आणि विसळून ठेवलेला कप पुन्हा विसळायला घेतला.

दिवाळीच्या कार्यक्रमाला मंडळाने कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला होता. मामा नेहमीप्रमाणे हॉलभर होते, ह्याच्या पाठीवर थाप, त्याच्या हातात प्लेट. गर्दीत मला मुक्ता दिसली. खाण्याच्या टेबलामागे पुठ्ठ्यावर कुणीतरी मार्करने इंग्रजी अक्षरांत पदार्थांची नावं लिहिली होती, आणि ती एका लहान मुलाला एकेक अक्षराखाली बोट ठेवून वाचून दाखवत होती. मी मामांची बाही ओढली. त्यांनी पाहिलं, आणि तत्क्षणी पाठ फिरवून कोटांच्या रॅकपाशी गेले. शाळेबाहेर मुलाने आपल्याला ओळखलं तरच आपण ओळखायचं. नाहीतर चारचौघांत कुणी विचारेल, हे काका तुला कसे ठाऊक? अख्ख्या हॉलला हाका मारणारा माणूस ह्या एका बाबतीत मुका होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. शहरभर अशी किती मुलं असतील, त्यांच्यासमोरून मामा अनोळखी होऊन जात असतील.

"मामा, ती वाचतेय," मी म्हटलं.

"कोण?" मामा म्हणाले. "मला कुणी दिसलं नाही." ते हँगरवरचे कोट सरळ करत होते, एकामागून एक, नीट लागलेलेसुद्धा. मग अगदी हळू आवाजात, पाठमोरेच, "अडली कुठे?"

"चकलीच्या 'के'वर. परत मागे गेली, आणि म्हणाली."

"मागे गेली ना, उठून नाही गेली," एवढंच पुटपुटले. त्यांच्या हातात कुणाचा तरी छोटा लाल कोट होता. त्याची एक बाही उलटी होती, ती ते सावकाश आतून बाहेर काढत राहिले.