विद्याची कात्री

माझी मैत्रीण विद्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, जुरोंग ईस्टच्या ऑफिसात होते. रडू नंतर आलं, आधी आला तो राग. आठवडाभर छातीत दुखत होतं, पण कुणाला सांगितलं तर शनिवारची ओहोटी चुकेल म्हणून ही बाई गप्प बसली... सहा आठवडे झाले, तो राग अजून उतरलेला नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून ती वुडलँड्सच्या घरून दर शनिवारी ओहोटीला क्रांजीच्या खाडीवर जायची. तिथल्या चिखलात हॉर्सशू क्रॅब राहतात, घोड्याच्या नालासारखं कवच आणि मागे लांब टोकदार शेपटी. लोकांनी टाकून दिलेल्या जाळ्यांत ते अडकतात आणि उन्हात मरतात. विद्या गुडघाभर चिखलात वाकून, भरतकामाच्या कात्रीनं त्यांचा एकेक पाय सोडवायची. आमच्या मराठी मंडळात मात्र थट्टा चालायची, "काय विद्याताई, रस्सा कधी?" मीही त्यात हसले आहे, आणि त्याची मला लाज वाटते. एकदा तिच्याबरोबर गेले, तर खेकडा सरळ शेपटीला धरून उचलला.

"शेपूट सोड आधी," ती कडाडली. "उलटा पडला तर तिच्याच जोरावर सुलटा होतो तो. तुला धरायला नाहीये ती."

मग कापलेल्या जाळ्याचा तुकडा न् तुकडा वेचून तिनं खिशात घातला. दोरा मागे ठेवायचा नाही, हा तिचा नियम.

आणि आम्ही काय केलं? तेराव्याला वीस जण त्याच खाडीवर गेलो आणि शेवंतीचा भलामोठा हार पाण्यात सोडला. नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला. एक टोक माझ्या हातात होतं. लोकांनी हात जोडले, फोटो काढले. हार लांब गेल्यावर तिची लेक रेवा मला तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मावशी, मम्मा विल स्कोल्ड यू ऑल, लाह." तोवर वीस शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

त्या रविवारी रेवाकडून कात्री घेऊन मी एकटी गेले. तासभर शोधल्यावर हार सापडला. फुलं गळून गेली होती, दोरा शाबूत होता आणि त्यात एक खेकडा होता, शेपटीसकट गुंडाळलेला. मेलेला. तरी मी त्याचा एकेक पाय सोडवला.

कात्री आता माझ्या दारामागच्या हुकाला असते, हाराचा तो दोरा तिच्याभोवती गुंडाळलेला. या शनिवारी ओहोटी सकाळी सातला आहे. ज्यांनी ज्यांनी त्या हाराचे फोटो काढले, त्यांनी गमबूट घालून यावं.