अजून सक्षम नाही

आमच्या सेंटरमध्ये परीक्षा संपली की कागद वर जातात आणि किस्से माझ्यापाशी राहतात. दर बॅचला तीन-चार तरी. सांगून टाकलं की डोकं थंड होईल, म्हणून घरी सांगायला लागले. तर आक्का म्हणते, "काय गे, हसवतेस की भांडतेस?"

दोन्ही, आक्का!

मी तंजावूरची. राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. देवनागरी फार उशिरा शिकले, तेव्हा चुका पोटात घाला. अठ्ठावीस वर्षं नर्स होते, आता रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांचा कोर्स शिकवते. त्याची परीक्षा मार्कांची नाही. काम येतं का, करून दाखवा. आलं तर 'सक्षम'. नाही आलं तर नापास म्हणायचं नाही, 'अजून सक्षम नाही' म्हणायचं. पुन्हा शिका, पुन्हा या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही पद्धत इतकी आवडली होती! बाहेरून असेसर येणार, हातात टॅब. बाई काम करणार, तो बघणार.

ते बघणंच तेवढं राहून गेलं.

*

एक असेसर महाराष्ट्रातला आला होता. माझं बोलणं ऐकून खो-खो हसला. "मॅडम, तुमचं मराठी अगदी ऐतिहासिक नाटकातलं!"

मी म्हटलं, "आधी तुमच्या टॅबमधलं तमिळ बघा, मग हसा."

टॅबवरचे प्रश्न इंग्रजीतून यंत्रानं तमिळ केलेले. बेडपॅनचं झालं होतं 'पडुक्कै वाणली', म्हणजे अंथरुणातली कढई! प्रश्न असा, की ही कढई रुग्णाला देण्याआधी काय करावं?

पन्नाशीच्या राजम्मानं हात वर केला. "टीचर, आजारी माणसाच्या अंथरुणात कढई कशाला?"

"बोलायचं नाही," असेसर म्हणाला. "उत्तर दाबा."

स्टीलचं बेडपॅन थंडगार असतं. देण्याआधी ते कोमट पाण्यानं जरा गरम करायचं, हे बरोबर उत्तर. बावीस जणींनी 'गरम करावी' हेच दाबलं. मी खूश! बाहेर आल्यावर राजम्माला विचारलं, "कसं गं ओळखलंस?"

"कढई म्हटल्यावर गरमच करणार ना, टीचर?"

बावीसच्या बावीस सक्षम!

*

मे महिना, सेंटरचे नळ कोरडे. आणि परीक्षा कसली, तर हात धुण्याची! मी म्हटलं, बादली मागवते, दहा मिनिटं थांबा. असेसरला पुढचं सेंटर गाठायचं होतं. "नुसती ॲक्शन करू द्या, मी फोटो घेतो."

एकेक बाई कोरड्या नळाखाली कोरडे हात चोळून गेली. फोटो, पुढची. फोटो, पुढची. माझ्या डोळ्यांपुढे वॉर्डातली एक बाळंतीण आली. न धुतलेल्या हातांनी तिची जखम चिघळली होती, आणि तिचं तान्हं बाळ तिच्याशिवाय घरी गेलं होतं. मी ओरडलेच, "अहो, हे काय चाललंय?"

"मॅडम, पुरावा अपलोड झालाय."

"पुरावा आहे, पाणी नाही!"

आमच्या मॅनेजरनं मला हळूच बाजूला घेतलं. "टीचर, कशाला तापता? पाणी असतं तरी फोटोत थोडंच दिसलं असतं?"

*

हाच मॅनेजर. एका बॅचमधली एक मुलगी परीक्षेच्या दिवशी कुंभकोणमला बहिणीच्या लग्नात होती. निकाल आला, ती सक्षम! मी विचारलं, "ही तर आलीच नव्हती?"

"अशी हुशार मुलगी, टीचर. आली असती तरी पास झाली असती."

*

पापनाशमची कामाक्षी. सासरा चौदा वर्षं अंथरुणावर होता, आणि चौदा वर्षांत त्याच्या पाठीला एक फोड आला नाही. परीक्षेत तिनं रुग्ण म्हणून ठेवलेल्या पुतळ्याला कुशीवर वळवलं. वळवण्याआधी त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "अप्पा, घाबरू नका हां, मी धरलंय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

असेसर घड्याळ बघत होता. "उचलण्याची तीन तत्त्वं सांगा. इंग्रजीत."

कामाक्षीला इंग्रजी कुठलं? अजून सक्षम नाही.

तिच्यामागून आलेलीनं तिन्ही तत्त्वं घडाघडा म्हटली आणि पुतळा खाली पाडला. सक्षम! त्या दिवशी कामाक्षी घरी गेली ती पुन्हा परीक्षेला आलीच नाही. मी दोनदा बसनं तिच्या घरी गेले. "नको टीचर, मला येत नाही ते," एवढंच म्हणाली. चौदा वर्षं जिनं केलं, तिला येत नाही!

मग मॅनेजरच्या आईला पक्षाघात झाला. सकाळी सकाळी फोन. "टीचर, ती कामाक्षी मिळेल का?"

मी म्हटलं, "कामाक्षी कशाला? तिच्या बॅचच्या सर्टिफिकेटवाल्या एकवीस आहेत. कोणती पाठवू?"

"टीचर, जोक नको. आई आहे माझी!"

*

आणि हा मागच्या बॅचचा. ब्लड प्रेशर मोजायची परीक्षा, आणि ज्याचं मोजायचं तो माणूसच आला नाही. असेसर चेन्नईचा, उत्साही. बाही वर करून स्वतःच खुर्चीत बसला. "घ्या माझंच!"

सात जणी होत्या. सहा जणींनी लिहिलं, एकशे वीस, ऐंशी. सातवी सेल्वी, तिरुवैयारूची, हळू बोलणारी. तिनं दोनदा मोजलं, मग लिहिलं, एकशे ऐंशी, एकशे दहा.

"चूक," असेसर म्हणाला. "मला बीपी नाही. रोज चालतो मी!"

मी म्हटलं, "हात द्या." मोजलं. एकशे ब्याऐंशी, एकशे दहा. तोंडावर सांगितलं.

"तुमचं मशीन खराब आहे, मॅडम."

"मग त्या सहा जणींनी कुठल्या मशीननं मोजलं?"

त्यानं टॅब उचलला. सहा सक्षम. सेल्वी, अजून सक्षम नाही. सबमिट! आता देवालाही बदलता येणार नाही, असं मॅनेजर म्हणाला आणि असेसरला जेवायला घेऊन गेला.

सेल्वी रडली नाही. बीपी मशीनचा पट्टा गुंडाळून डब्यात ठेवत होती. अर्ध्या तासात दाराशी चाहूल लागली. असेसर, एकटाच. माझ्याकडे बघितलंही नाही. सेल्वीसमोरच्या खुर्चीत बसला आणि बाही वर केली.

"पाय खाली टेकवा, सार," ती म्हणाली. "पाच मिनिटं बोलू नका."

पाच मिनिटं तो बोलला नाही. मग तिनं मोजलं, आकडा चिठ्ठीवर लिहून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं वाचला. चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. मग तिलाच विचारलं, "कुठल्या डॉक्टरला दाखवू, अम्मा?"