पार्बताबाईच्या धुऱ्यावरचा डबा

अमरावतीच्या राजापेठेत, चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ज्योत्स्ना इंगळे दहावीच्या पोरांना गणित शिकवायची. लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं. आठवडाभर पोरं, फळा आणि खडू; रविवार मात्र तिचा स्वतःचा. रविवारी ती डबे शोधायला जायची.

हा नाद तिला अकोल्याच्या उजैरमुळे लागला. कॉलेजात दोघं एकाच वर्गात होती. नंतर उजैरनं अकोल्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि कुठूनतरी त्याला या खेळाची खबर लागली. खेळ साधा होता. एकानं घट्ट झाकणाचा डबा कुठंतरी लपवायचा, आत चारदोन किरकोळ वस्तू आणि सही करायला एक चिठ्ठी ठेवायची, आणि ती जागा आकड्यांत इंटरनेटवर टाकायची. दुसऱ्यानं हातातलं जीपीएसचं यंत्र बघत बघत तिथं पोचायचं, डबा हुडकायचा, चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून निघून यायचं. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. अमरावती-अकोल्यात मिळून असे दहाबारा जण होते. २००८च्या सुमाराला वऱ्हाडात कपाशीचं नाव काढलं की लोकांचे चेहरे उतरायचे, आणि ही मंडळी रविवारी डबे हुडकत हिंडायची. घरी कोणी विचारलं तर फिरायला जातो म्हणून सांगायची.

ज्योत्स्नाला या खेळातलं सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर त्याचे नियम. सांगायला पोलीस नाही, तपासायला परीक्षक नाही, तरी पाळायचे. कोणाच्या खासगी जागेत विचारल्याशिवाय डबा ठेवायचा नाही. जमीन खणायची नाही. आतली एक वस्तू घेतली तर तिच्याहून वाईट वस्तू ठेवायची नाही. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कळू द्यायचं नाही. एकदा नरनाळ्याच्या वाटेवर उजैरनं लपवलेला डबा शोधताना त्याची नजर नकळत एका दगडाकडे गेली. डबा तिथंच होता. ज्योत्स्नानं तो काढला, पुसला, परत ठेवला, पण नाव लिहिलं नाही.

"कावून?" उजैरनं विचारलं.

"तू पाहिलं तिकडं. मी शोधला नाही."

पुण्याच्या कोण्या पाहुण्यानं मेळघाटात ठेवलेला एक डबा पावसानं भिजला होता, आणि पाहुणा काही परत येत नव्हता. ज्योत्स्ना एसटीनं धारणीला गेली, पुढं जीपमध्ये स्वतःला कोंबून घेतलं, डबा वाळवला, कोरडी चिठ्ठी घातली आणि घरी आली. मंडळी तिला मास्तरीण म्हणून हसायची. तिला ते फारसं लागायचं नाही.

या मंडळींचे म्होरके खुशालराव. नोकरीतून निवृत्त झालेले, जीपवाले, सगळ्यांत भारी यंत्र त्यांच्याकडं आणि सगळ्यांत जास्त डबेही त्यांचेच. बोलायला गोड, पण आपल्या डब्याला कोणी नाव ठेवलेलं त्यांना चालायचं नाही. त्यांनी कौंडण्यपूरच्या अलीकडं, एका लहान गावाच्या शिवारात नवा डबा लपवला होता. कार्तिकात कौंडण्यपूरची जत्रा भरली, तेव्हा उजैर आणि ज्योत्स्ना जत्रा पाहून तिकडं वळले. यंत्रानं त्यांना एका शेताच्या धुऱ्यावर नेलं. धुरा म्हणजे दोन शेतांमधली बांधाची पट्टी. तिथं एक जुना कडुलिंब होता आणि त्याच्या बुंध्याशी दगडांचा ढीग. डबा दगडांखाली होता.

आत एक छोटं होकायंत्र होतं. ज्योत्स्नाला ते आवडलं. त्याच्या बदल्यात तिनं जत्रेतून घेतलेली लाकडी बाहुली काढली. बसच्या गर्दीत बाहुलीचा एक हात निखळला होता. तुटकी वस्तू ठेवणं तिला बरं वाटेना. पिशवीतल्या सुईदोऱ्याच्या पुडीतून तिनं काळा दोरा काढला, हात नीट बसवला आणि खांद्याभोवती दोरा घट्ट गुंडाळला. दोरा काळा आहे हे तिच्या ध्यानातही आलं नाही. दोघांनी चिठ्ठीवर नावं लिहिली आणि डबा परत दगडांखाली सरकवला.

तेवढ्यात पलीकडून एक बाई आली. पन्नाशीची, डोक्यावर गवताचा भारा. "काय पाह्यता जी?"

"काही नाही, मावशी. सावलीले बसलो होतो," उजैर म्हणाला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं नाही, हा नियम होता.

"बसा की. पाणी आणू?" ती म्हणाली आणि खरंच तांब्या घेऊन आली. शेत तिचं होतं. नाव पार्बताबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेकरू नव्हतं, आणि ती एकटीच शेत वाहत होती. ज्योत्स्ना तिच्या तांब्यातलं पाणी प्यायली आणि सावलीचं खोटं तसंच ठेवून घरी आली. त्या रात्री तिनं खुशालरावांच्या डब्याखाली इंटरनेटवर दोन ओळी लिहिल्या: जागा खासगी शेताची आहे, मालकीणबाईंना विचारून घ्यावं. सकाळी त्या ओळी पुसलेल्या होत्या.

फोन केला तर खुशालराव हसले. "अवं, विचारलं तर लपवलं कुठं मग? धुरा आहे तो. धुऱ्यावर कोणाची मालकी असते का?"

धुऱ्यावरून वऱ्हाडात डोकी फुटतात हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ज्योत्स्नानं तो विषय तिथंच सोडला.

पुढच्या वर्षी पावसानं ओढ दिली. उशिरा पेरलेलं सोयाबीन फुलावर आलं तेव्हाच वाळलं, आणि जी कपाशी उरली तिच्यावर लाल्या पडला. पानं तांबडी होऊन गळू लागली. त्या गावात तापाची साथ आली, दोन लेकरं दगावली. गाव कोणाला तरी दोष द्यायला टपलंच होतं. त्यातच एक गुराखी कडुलिंबाखाली बसला, आणि दगड सरकवताना त्याच्या हाताला डबा लागला.

ज्योत्स्नाला हे कळलं ते पेपरातून. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती: एकट्या बाईच्या शेतात करणीचा डबा सापडला, गावात तणाव. सोबत फोटो. फोटोत तिची बाहुली होती, खांद्याला काळा दोरा गुंडाळलेली, आणि शेजारी नावं लिहिलेली चिठ्ठी.

तिनं आधी खुशालरावांना फोन लावला.

"पाहिलं मी," ते म्हणाले. "डबा गेला. नोंद बंद करून टाकतो."

"काका, त्या बाईचं काय? गावात जाऊन सांगावं लागेल. डबा तुमचा आहे."

"खेळाची पहिली अट काय आहे? बाहेरच्याले सांगाचं नाही. तू तर नियमाची बाई."

"ही अट असल्या वेळेसाठी नाही."

"अन् बाहुली कोणाची आहे?" त्यांनी शांतपणे विचारलं, आणि फोन ठेवला.

उजैरनं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी येत नाही, ज्योत्स्ना. चिठ्ठीवर माझं नाव आहे. त्या गावात जाऊन उजैर म्हणून उभा राहिलो तर करणी राहील बाजूला. दंगा होईल. माझं दुकान आहे, अम्मी आहे." तो खोटं बोलत नव्हता, आणि ज्योत्स्नाला ते कळत होतं.

ती एकटीच स्कूटीवर गेली.

गावात मारुतीच्या पारावर माणसं बसली होती. मधोमध नत्थुजी, पार्बताबाईचा दीर. भाऊ गेल्यापासून भावाच्या शेतावर त्याचा डोळा होता, आणि पार्बताबाई ते सोडत नव्हती. ज्योत्स्नानं यंत्र दाखवलं, इंटरनेटवरची कागदं दाखवली, खेळ समजावून सांगितला. पोरांना प्रमेय सांगावं तसं, एकेक पायरी.

नत्थुजीनं मन लावून ऐकलं. "यातून तुमाले भेटते काय, मॅडम?"

"काही नाही. शोधायचं, नाव लिहायचं, जिथं होता तिथं ठेवायचा."

"अन् मंग?"

"मग घरी जायचं."

पारावर कोणीतरी हसलं.

"पेट्रोल जाळून याचं, डबा पाहाचा अन् घरी जाचं," नत्थुजी म्हणाला. "आमच्या कपाशीवर लाल्या आला, लेकरं मेले, अन् शहरातले लोकं आमच्या धुऱ्यावर बाहुल्या ठेवून राहिले. तेबी फुकट. हे कोणाले खरं वाटन? बाहुली कोनं ठेवली?"

"मी."

"दोरा?"

"मीच बांधला. हात निखळला होता तिचा."

"नाव काय म्हणलं तुमचं?"

"ज्योत्स्ना इंगळे."

"कोणते इंगळे?"

तिला प्रश्न कळला. वऱ्हाडात इंगळे सगळ्या जातींत असतात. "बौद्ध," ती म्हणाली.

"असं." नत्थुजीनं पारावर नजर फिरवली. त्यानंतर तो तिला मॅडम म्हणाला नाही. "मंग पार्बतानंच बोलावली असन तुले. तुमा दोघीचं काम हाय हे. येथून निघ. अंधार पडला तर आमी जिम्मेदार नाही."

तो खरं काय ते समजला होता. ज्योत्स्नाला शेवटपर्यंत याची खात्री राहिली. समजला होता, आणि खरं त्याच्या कामाचं नव्हतं.

ती निघाली, पण गावाबाहेर न जाता पार्बताबाईचं घर विचारत गेली. दार लोटलेलं होतं. आत पार्बताबाई भिंतीला टेकून बसली होती. डोकं वेडंवाकडं भादरलेलं, मेंढरं कातरायच्या कात्रीनं. दोन ठिकाणी खपल्या धरल्या होत्या. बाहुली आणि चिठ्ठी पारावर जाळली होती, आणि ती राख पाण्यात कालवून तिला पाजली होती. धरायला तिच्या जावा होत्या. सोबत निंदणाला जाणाऱ्या बाया बघत उभ्या होत्या. हे सगळं तिनं ज्योत्स्नाला सांगितलं, सपाट आवाजात, जणू शेजारणीचं सांगावं.

ज्योत्स्नानं मग आपलं सांगितलं. डबा, खेळ, बाहुली, दोरा, त्या दिवशी सावलीचं खोटं. काहीच ठेवलं नाही.

"मले पाणी मांगितलं तुमी त्या दिवशी?" पार्बताबाईनं विचारलं.

"नाही, मावशी. तुम्हीच आणलं."

"मंग एकडाव इचारलं असतं मले. मावशी, येथं डबा ठेवतो म्हणून. मी काय नाई म्हणलं असतं का? मीच राखला असता."

पोलीस ठाण्यात चला म्हणून ज्योत्स्नानं खूप विनवलं. पार्बताबाईनं नकाराची मान हलवली. "ठाण्यातून याचं कोठी? याच गावात ना."

परतताना वेशीजवळ एक दगड आला आणि स्कूटीचा दिवा फुटला. ज्योत्स्ना तरीही ठाण्यात गेली. तिथल्या साहेबांनी विचारलं, ज्या बाईवर गुदरलं तिची तक्रार आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला, एक शिपाई गावात पाठवतो म्हणाले. शिपाई गेला की नाही हे तिला कधीच कळलं नाही.

महिन्याभरात पार्बताबाईनं शेत नत्थुजीच्या नावानं करून दिलं आणि बहिणीकडं अकोल्याला निघून गेली.

डिसेंबरात मंडळींचा वार्षिक मेळावा राजापेठेतल्याच एका हॉलमध्ये झाला. सगळ्यांत जास्त डबे लपवल्याबद्दल खुशालरावांना शाल आणि नारळ मिळाला. ते छान बोलले. नियम पाळणारा माणूस हाच या खेळाचा कणा, जागेच्या मालकाचा मान हा आपला पहिला धर्म, असं म्हणाले. ज्योत्स्ना उभी राहिली.

"काका, पार्बताबाईंना विचारलं होतं का?"

काहींना ठाऊक होतं, काहींना नव्हतं, आणि ज्यांना नव्हतं त्यांनाही जाणून घ्यायचं नव्हतं. खुशालरावांनी माईक जरासा बाजूला केला. "ज्योत्स्नाबाईंच्या मनावर परिणाम झाला त्या प्रकरणाचा," ते हळुवार म्हणाले. "साहजिक आहे. बाहुली त्यांचीच होती. आपण समजून घेऊ." कोणीतरी तिच्यासाठी पाण्याचा पेला आणला. दोन बायांनी दोन्ही बाजूंनी हात धरून तिला बाहेर नेलं, अगदी प्रेमानं, आजाऱ्याला न्यावं तसं.

मग एकेकानं इंटरनेटवर आपापल्या डब्यांखालून तिचं नाव पुसायला सुरुवात केली. डबे ती फोडते, जागा गावकऱ्यांना सांगते, न शोधताच नाव लिहिते, अशी बोलवा उठली. शेवटची गोष्ट शिकवताना आठवून ती एकदा मोठ्यानं हसली. फळ्यापुढं बसलेली पोरं दचकली. उजैरनं त्याच्या डब्यांखालचं तिचं नाव पुसलं नाही. पण त्यानं मंडळीही सोडली नाही. भेटला की नजर चुकवायचा.

दीडएक वर्षानं ज्योत्स्ना पत्ता काढून अकोल्याला गेली. पार्बताबाई एका डाळमिलमध्ये डाळ निवडायला जात होती. केस परत आले होते, पांढरे. तिनं ज्योत्स्नाला ओळखलं, बसायला चटई टाकली, चहा केला. शेताचा विषय निघाला नाही. बहिणीच्या नातवंडांबद्दल बोलणं झालं, अकोल्याच्या उन्हाबद्दल झालं.

निघताना ज्योत्स्ना म्हणाली, "मी येत जाईन अधूनमधून, मावशी."

पार्बताबाईनं कपबशी उचलली. "नोको येत जाऊ, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी येता तर तुमचं मन हलकं होते. माह्यं जड होते. डोस्क्यावर कात्री फिरल्यावानी वाटते."

ज्योत्स्नानं होकार दिला. चपला घातल्या आणि बसस्टँडवर आली. अमरावतीची गाडी लागलेली होती. ती खिडकीशी बसली, आणि गाडी सुटेपर्यंत तिनं बाहेर पाहिलं नाही.