निळ्या चौकड्याचं पान

रात्रीतनं आंधी येऊन गेली होती. सकाळी सहाला इंदुबाईंनी दार उघडलं, तर व्हरांड्यात बोटभर पिवळी माती. मे महिन्यात जयपूरला हे चालायचंच. त्यांनी पदर खोचला, आधी कोरडा झाडू मारला, मग ओलं पोतं फिरवलं. दोरीवरचे धुतलेले कापडाचे तुकडे एकेक झटकून काढले. ऊन अजून वर यायचं होतं, पण फरशी कालची तापलेली ती तापलेलीच.

"आमच्या म्हसवडला बी माती उडती," त्या म्हणाल्या, "पर ही भाजून उडती."

"तीस वर्सं हेच म्हंतीयास," आत चहा गाळत सर्जेराव म्हणाले. "मातीला बी पाठ झालं आसंल आता."

सर्जेराव फौजेतून हवालदार म्हणून सुटले, विश्वकर्मा भागातल्या एका कारखान्याच्या गेटवर बसले, आणि नवराबायको सीकर रोडच्या आतल्या या गल्लीतच मुरली. मुलगा पुण्याला गेला. गल्लीत मारवाडी, पंजाबी, दोन-तीन मराठी बिऱ्हाडं. बँकेची नाहीतर फौजेची, तीन वर्षं राहणार आणि सामान बांधणार.

इंदुबाई पोरांसाठी चित्रांची पुस्तकं शिवायच्या. सुरुवात नातीमुळं झाली. अनुश्री सुट्टीला येताना एक छापील पुस्तक घेऊन आली होती, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांना मदत करावी असं सांगणारं. लाल छपरांची घरं, केक घेऊन येणारी गोरी शेजारीण.

"आजी, ही कोण?"

"मला काय ठावं? आपल्या गल्लीतलं तर कोन दिसंना."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी जुनं लुगडं फाडून आठ पानं कापली, गोधडीला घालतात तसा दोरा घातला आणि गल्लीतली माणसं पानांवर बसवली. इस्त्रीवाला कुणाच्या हरवलेल्या चाव्या परत देतोय. पंजाबीण मावशी तापकरी बाईच्या घरी दूध तापवतेय. जे खरंच घडलं तेवढंच पानावर घ्यायचं, आणि ज्याचं त्याचं माणूस ज्याच्या त्याच्या कपड्यातनंच करायचं, ही त्यांची रीत. त्यासाठी त्या दारोदार जायच्या. "एक चिंधी द्या वो. तुमाला पुस्तकात बसवायचंय." लोक हसायचे, पण द्यायचे. न विचारता त्यांनी कुणाच्या दोरीवरचं फडकंही कधी ओढलं नव्हतं.

पुढं बदली होऊन जाणाऱ्या प्रत्येक पोराला पुस्तक मिळू लागलं. फौजेतल्या घरचा अर्णव जोधपूरला गेला तेव्हा त्याचं पुस्तक बघून शेजारची तनया रुसून बसली होती. "मेरा कब, आजी?"

"तुजी बदली झाली म्हंजे."

तनयाची बदली झाली, ती अशी. तिचे वडील अभिनव शहरातल्या सी-स्कीम भागातल्या एका बँकेत होते. फेब्रुवारीत एका सकाळी बुटाची लेस बांधता बांधता खाली बसले ते उठलेच नाहीत. एक्केचाळीस वय. आता तनयाच्या आईला, अमिताला, बँकेनं त्यांच्या जागी नोकरी दिली होती, नाशिकला. रविवारी सामान जाणार होतं.

पुस्तक जवळजवळ झालं होतं. एकच पान उरलं होतं, आणि ते कुठलं हे तनयानंच ठरवलं होतं. गेल्या पावसाळ्यात सर्जेरावांना डेंगू झाला, उभं राहवेना, तेव्हा अभिनवनं त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरवला आणि आपल्या गाडीतनं दवाखान्यात नेलं. निळ्या चौकड्याचा शर्ट होता अंगात.

"बाबा घोडा झाले होते ना? आजोबा ऊपर," तनया सांगायची. "ते पान. निळा शर्टवाला."

इंदुबाई हं म्हणायच्या आणि दुसरंच काही शिवायला घ्यायच्या. कारण तो शर्ट नव्हता. अभिनवचं एकही कापड त्या घरात उरलं नव्हतं, आणि ते घालवलं होतं खुद्द इंदुबाईंनी.

तेरा दिवस त्यांनी त्या घरची चूल सांभाळली होती. अमिता भिंतीकडं तोंड करून पडलेली. अकराव्या दिवशी इंदुबाईंनी कपाट उघडलं. गेलेल्या माणसाचा कपडा घरात ठेवायचा नाही, जीव घोटाळत राहतो, असं त्यांच्याकडं मानतात. सासूच्या वेळी त्यांनी हेच केलं होतं. अमिताला हे करायला लागू नये, म्हणून शर्ट, पॅंट, स्वेटर, रुमालसुद्धा एका चादरीत बांधले आणि सर्जेरावांना म्हणाल्या, "कारखान्याच्या गेटावर गोण्या उचलनारी मान्सं हायती न्हवं, त्यास्नी द्या." आपण मोठं काम हलकं केलं असं त्यांना त्या दिवशी वाटलं होतं.

त्या सकाळी चहा घेऊन त्या सर्जेरावांपुढं बसल्या. "आवं, ते गठुडं कुनाकुनाला दिलंसा?"

"तीन म्हैने झालं. कोन बिहारला गेलं, कोन कुटं."

"चला बगू जरा."

"आगं, दिलेलं मागायला जायाचं?"

"मागाया न्हाई. एवडी चिंधी."

दोघं रिक्षानं गेली. गेटाशी ट्रक लागला होता. माणसं पाठीवर गोण्या घेऊन फळीवरनं चढत होती. इंदुबाईंनी लांबूनच ओळखला. निळा चौकडा, खांद्यावर विटलेला. आत एक तिशीतला माणूस होता.

"राम राम, फौजीजी!" तो फळीवरून उतरला, सर्जेरावांच्या पाया पडला. "देखिए, आपके बेटे की कमीज अभी तक चल रही है. भाई की सगाई में भी यही पहनी थी मैंने."

इंदुबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. सर्जेराव ट्रकाच्या चाकाकडं बघत होते. मेलेल्या माणसाचे म्हटलं तर कुणी घेणार नाही, म्हणून त्यांनी मुलाचे कपडे असं सांगितलं होतं.

आता चिंधी मागायची तर कशाला, ते सांगावं लागणार. माणूस हसत उभा होता, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. इंदुबाईंचा हात पिशवीतल्या कात्रीवर होता. तो त्यांनी बाहेर काढला नाही.

"अच्छी दिखती है," त्या म्हणाल्या. "संभालके पहनो."

रिक्षात सर्जेराव म्हणाले, "दुकानातनं तसलंच कापड आनू. लेकराला काय कळतंय?"

"मला कळतंय की."

घरी न जाता त्या सरळ अमिताच्या दारात गेल्या. खोलीभर खोकी. अमिता भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"काकू, या. बसायला काही नाहीये बघा."

"बसाया न्हाई आले. अमिता, अभिनवचं कपडं म्या दिऊन टाकलं."

"माहितीये मला." तिनं हात थांबवला नाही. "मी जागी होते."

"मंग गं? का न्हाई अडवलंस?"

"तोंडातून शब्द निघत नव्हता. मला वाटलं, तुम्ही विचाराल." वाटी गुंडाळून झाली, तिनं दुसरी घेतली. "इस्त्रीवाल्याकडे चिंधी मागायला तुम्ही दोनदा जाता, काकू. माझ्या खोलीत येऊन एकदा विचारलं असतं तर मी मान हलवली असती. एक ठेवून घेतला असता. नुसता वास घ्यायला."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. पण अमिताच्या आवाजात राग नव्हता. इंदुबाई एका खोक्यावर टेकल्या.

"चूक झाली माजी."

"तेरा दिवस आम्हाला तुम्हीच जेवायला घातलंत," अमिता म्हणाली. "ते मी विसरणार नाहीये. आणि हेही विसरता येत नाही. काय करू, सांगा."

तनया आतून आली. "आजी, पान झालं?"

इंदुबाईंनी तिला जवळ ओढलं. "न्हाई झालं, बाय. बाबाचा शर्ट म्या एका मान्साला दिला. इचारलं न्हाई कुनाला."

"वापस माग ना."

"त्याच्या अंगात हाय त्यो. त्याला दुसरा न्हाई."

तनयानं थोडा विचार केला. "मतलब बाबा बुक में नहीं आएँगे?"

"न्हाई."

ती रडली नाही. हात सोडवून घेतला आणि आत जाऊन कपाटाच्या रिकाम्या खणात पाय दुमडून बसली. आईनं हाक मारली तरी आली नाही.

रविवारी सामानाची गाडी गेली, मागनं टॅक्सी आली. इंदुबाईंनी पुस्तक दिलं. त्या पानावर जिना शिवला होता, जिन्याखाली गाडी, आणि जिन्यावर लुंगीच्या कापडाचे सर्जेराव. त्यांच्या पोटाखाली जागा तशीच सोडली होती. तनयानं पुस्तक हातात घेतलं नाही. ती खिडकीच्या बाजूला सरकली आणि पलीकडं बघत राहिली. अमितानं ते घेतलं, न उघडता पर्समध्ये ठेवलं.

"मोठी झाली की बघेल," ती म्हणाली, आणि वाकून नमस्कार केला. इंदुबाईंचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथंच घुटमळला.

टॅक्सी मोठ्या रस्त्याला वळली. गल्लीतली माणसं आपापल्या दारात गेली. सर्जेराव म्हणाले, "चल आत. ऊन लागंल."

"येते."

त्या आत गेल्या, ताटात तांदूळ ओतले, चष्मा लावला आणि खडे निवडायला बसल्या.